मजल्यांनी बांधलेली, यंत्रणांनी चालणारी

प्रस्तावना

बर्लिनच्या नव्या विमानतळाचं उद्घाटन ३ जून २०१२ रोजी ठरलं होतं. विमान कंपन्यांनी वेळापत्रकं त्याप्रमाणे आखली होती, जुनं टेगेल विमानतळ बंद करून सगळं बिऱ्हाड एका रात्रीत नव्या जागी हलवायची तयारी झाली होती. चार आठवडेही उरले नसताना, ८ मे रोजी, उद्घाटन रद्द झाल्याचं जाहीर झालं. इमारत तर उभी होती. काचा, फरशा, चेक-इनचे काउंटर, सगळं जागच्या जागी. आग लागल्यावर धूर बाहेर काढणारी यंत्रणा मात्र चालत नव्हती. पंखे होते, झडपा होत्या, अलार्म होते, आपोआप उघडणारे दरवाजे होते; पण कोणी कोणाचा हुकूम पाळायचा याचा मेळच बसत नव्हता.

धूर गरम असतो, तो वर जातो. त्या टर्मिनलच्या छतावर धुराडी नकोत म्हणून हॉलमधला धूर खाली ओढून जमिनीखालच्या डक्टमधून बाहेर न्यायचा, असं डिझाइन होतं. कागदावर अशक्य नाही, पण त्यासाठी प्रत्येक पंखा आणि प्रत्येक झडप नेमक्या क्रमाने चालायला हवी. या यंत्रणेचा सगळ्यात मोठा भाग इतका अवाढव्य होता की त्याला ‘मॉन्स्टर’ असं नाव पडलं. भरीस भर म्हणजे बांधकाम चालू असतानाच टर्मिनलचा आराखडा बदलत, वाढत राहिला. दरवाजे आपोआप उघडत नसतील तर तिथे माणसं उभी करू, अशीही एक योजना उद्घाटन वाचवण्यासाठी पुढे आली. मंजुरी देणाऱ्यांनी ती मानली नाही, ते बरंच झालं. २०१३च्या सुरुवातीला तर इमारतीतले सगळे दिवे बंद करता येत नाहीत, हे तिथल्या अधिकाऱ्यांना जाहीरपणे सांगावं लागलं. पुढे तो मॉन्स्टर तोडून त्याच्या तीन छोट्या, वेगवेगळ्या सांभाळता येतील अशा यंत्रणा करायचं ठरलं. विमानतळ सुरू झालं ३१ ऑक्टोबर २०२० रोजी.

जर्मन शिस्तीला चिमटा काढायला ही गोष्ट फार सोयीची आहे. पण आपल्याकडच्या कुठल्याही मोठ्या साइटवर शेवटचे दोन महिने काढलेल्या माणसाला तिच्यात नवल वाटणार नाही. फरक इतकाच, की आपल्याकडे उद्घाटन सहसा रद्द होत नाही. फीत कापली जाते, फोटो निघतात, आणि पुढचं वर्षभर एका मजल्यावर गारठा, दुसऱ्यावर घाम, मधूनच वाजणारा आणि म्हणून कायमचा बंद करून ठेवलेला फायर अलार्म, असा संसार चालू राहतो. इमारत पूर्ण झाली म्हणून तिची यंत्रणा पूर्ण झाली, असं आपण धरून चालतो. हे पुस्तक त्या गृहीतकाविरुद्ध आहे.

साइटवर ‘टेस्टिंग-कमिशनिंग’ हा एकच शब्द असल्यासारखा म्हटला जातो आणि त्याचा अर्थ बहुधा ‘चालू करून दाखवणं’ एवढाच घेतला जातो. पंप चालला, दिवा लागला, लिफ्ट वर-खाली गेली, सही करा. अमेरिकेतल्या अ‍ॅशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने कमिशनिंगची जी मार्गदर्शिका केली आहे तिच्यात हे काम मालकाला इमारतीकडून काय हवं ते लिहून काढण्यापासून सुरू होतं आणि इमारत वापरात आल्यानंतरही काही काळ चालू राहतं. मधल्या प्रत्येक टप्प्यावर प्रश्न एकच असतो: मालकाने मागितलं होतं ते मिळतंय का, आणि तेही सगळं सुरळीत असतानाच नव्हे तर वीज गेल्यावर, पंप बंद पडल्यावर, पाचव्या मजल्यावर धूर झाल्यावरही मिळतंय का? चालू करून दाखवणं हा यातला एक लहानसा तुकडा आहे.

कमिशनिंग हा या पुस्तकाचा एक धागा. दुसरा धागा आहे ‘लीन’चा. त्याचा इतिहास आता बऱ्याच जणांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईत टोयोटाच्या कारखान्यात ताइची ओनो यांनी उत्पादनाची जी पद्धत घडवली, तिला ‘लीन’ हे नाव १९८८ साली जॉन क्राफसिक यांच्या एका लेखातून मिळालं आणि १९९०च्या ‘द मशीन दॅट चेंज्ड द वर्ल्ड’ या पुस्तकाने ते जगभर पोचवलं. बांधकामाकडे हा विचार वळवला तो फिनलंडच्या लाउरी कोस्केला यांनी, स्टॅनफर्डमध्ये १९९२ साली लिहिलेल्या एका अहवालातून. पुढच्याच वर्षी या विषयावर काम करणाऱ्यांची पहिली आंतरराष्ट्रीय बैठक फिनलंडमधल्या एस्पो इथे झाली आणि १९९७मध्ये ग्लेन बॅलर्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी अमेरिकेत लीन कन्स्ट्रक्शन इन्स्टिट्यूट काढली. एस्पोपासून सुरू झालेली ती वार्षिक परिषद २०१८मध्ये चेन्नईत भरली होती, म्हणजे विषय आपल्या दारापर्यंत येऊनही बराच काळ झाला. टोयोटाने भारतात मोटारी बनवायला भागीदार निवडला तोही किर्लोस्करांच्या घरातला, याची मराठी वाचकाला आठवण करून द्यायला हरकत नाही. आपल्या प्लँटरूममध्ये त्याच आडनावाचे पंप पिढ्यान् पिढ्या फिरताहेत. लीनचा विचार तिथे अजून पोचायचा आहे.

आता कमिशनिंगशी याचा संबंध काय? मला तो सगळ्यात स्पष्ट दिसतो एका अगदी साध्या जागी: एएचयूच्या पंख्यात.

एएचयू म्हणजे हवा गाळून, थंड करून डक्टमध्ये ढकलणारा मोठा पेटारा. त्याचा पंखा थ्री फेज मोटरवर फिरतो. मोटरच्या तीन वायरींपैकी दोन अदलाबदल झाल्या की मोटर उलटी फिरते. गंमत अशी, की सेंट्रिफ्युगल पंखा उलटा फिरला तरी हवा उलटी जात नाही. डक्टमध्ये हवा जातेच, फक्त बरीच कमी जाते. म्हणजे चूक दिसत नाही, लपते. मोटर जोडली त्याच दिवशी, बेल्ट चढवण्याआधी, वायरमनने स्टार्टरचं बटण क्षणभर दाबून सोडलं आणि पुली बाणाच्या दिशेने वळते का ते पाहिलं, तर विषय तिथेच मिटतो. उलटी असेल तर दोन टोकं बदलायची, मिनिटाचं काम. हे त्या दिवशी झालं नाही, तर पुढे काय होतं ते पाहण्यासारखं आहे. काही महिन्यांनी बॅलन्सिंगवाले येतात, डिफ्यूझरखाली हूड धरून हवा मोजतात, ती कमी भरते. फॉल्स सीलिंग उघडतं. डॅम्पर तपासतात, तो पूर्ण उघडाच असतो. मग डक्टमधून हवा गळते का ते शोधतात. फिल्टर बदलतात. कन्सल्टंटला पत्र जातं; तो आपलं गणित पुन्हा मांडून बरोबरच आहे असं उलट लिहितो. इंटीरियरवाला सीलिंग पुन्हा रंगवायचे पैसे मागतो. यात कोणीही आळशी नाही, सगळे राबताहेत, आणि पंखा उलटा फिरतोच आहे. शेवटी एखादा म्हातारा फिटर पॅनेल उघडतो, पुलीकडे बघतो आणि काही न बोलता मेन स्विच पाडतो.

टोयोटामागच्या टोयोडा घराण्याचा मूळ धंदा मोटारींचा नव्हता, मागांचा होता. साकिची टोयोडा यांनी १९२४ साली पूर्ण केलेला स्वयंचलित माग ताण्याचा एक धागा तुटला तरी आपोआप थांबत असे. एक धागा तुटूनही माग चालत राहिला तर पुढे किती वार कापड खराब होतं, हे इचलकरंजीच्या किंवा मालेगावच्या माणसाला सांगायला नको. पुढे मोटारींच्या कारखान्यात हीच युक्ती दोरी होऊन आली: चूक दिसली की कोणत्याही कामगाराने दोरी ओढायची, अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. लीनवर लिहिणारे काटकसर, वेळेवर माल, भिंतीवरचे तक्ते यांवर पानंच्या पानं खर्च करतात. कमिशनिंगच्या दृष्टीने मला त्यातली ही दोरीच सगळ्यात मोलाची वाटते. चूक जिथे जन्मली तिथेच पकडायची, ती पुढच्या माणसाच्या ताटात पडू द्यायची नाही. बांधकामात आपण नेमकं उलट करतो. चुका जपून ठेवतो, सगळ्या एकदम शेवटी मोजतो आणि त्या यादीला ‘स्नॅग लिस्ट’ असं भारदस्त नाव देतो. हजार ओळींची स्नॅग लिस्ट अभिमानाने दाखवणारे प्रोजेक्ट मॅनेजर मी पाहिले आहेत. ती यादी म्हणजे गोदामात साचलेला माल आहे, आणि साचलेला माल ओनोंच्या लेखी निव्वळ नासाडी होता.

पण चुका शेवटी साचतात त्या केवळ निष्काळजीपणामुळे, असं म्हणणं अन्यायाचं होईल. कामाची रचनाच तशी असते. आपण इमारत मजल्यांनी बांधतो. स्लॅब मजल्याने पडतो, प्लास्टर मजल्याने होतं, बिलही मजल्याने निघतं. इमारत चालते ती मात्र यंत्रणांनी, आणि यंत्रणा उभ्या जातात. थंड पाण्याची लाइन तळघरातल्या प्लँटरूममधून निघून शेवटच्या मजल्यापर्यंत जाते आणि परत येते. वरच्या मजल्यावरचे शेवटचे चार मीटर पाइप जोडले गेले नसतील, तर खालच्या दहा मजल्यांवरचं चकचकीत काम तपासण्याच्या दृष्टीने शून्य आहे. नव्वद टक्के काम झालं असं महिन्याच्या रिपोर्टात लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नसतं. पण एकही यंत्रणा पूर्ण नसते. मग सगळ्या यंत्रणा एकाच पंधरवड्यात पूर्ण होतात आणि एकाच पंधरवड्यात तपासायच्या असतात, तेही रंगारी, सफाईवाले, फर्निचरवाले आणि मालकाचे पाहुणे यांच्या गर्दीत.

लीनचं उत्तर आहे शेवटाकडून मागे येण्याचं. भिंतीवर मोठा कागद लावायचा, उजव्या टोकाला ताबा देण्याची तारीख आणि त्याच्या अलीकडे सगळ्या यंत्रणांची एकत्रित चाचणी. मग प्रत्येक ट्रेडच्या माणसाने, मॅनेजरने नव्हे तर प्रत्यक्ष काम वाटून देणाऱ्या सुपरवायझरने, आपली चिठ्ठी लावायची आणि सांगायचं, ‘माझं हे काम व्हायला मला आधी अमुक हवं.’ ऐकायला पोरखेळ वाटतो. करून बघा.

थंड पाण्याच्या लाइनचं फ्लशिंग हे एकच काम घेऊ. पाइप लोखंडी, सांधे वेल्डिंगचे. आत वेल्डिंगचा स्लॅग असतो, गंज असतो, वाळू असते. हातमोजा आणि चहाचा कागदी कपही निघतो. ही घाण एएचयूच्या कॉइलमध्ये गेली की कॉइल चोंदतं आणि मग ते साफ करणं महाकठीण. म्हणून कॉइलला बायपास देऊन आधी नुसत्या लाइनमधून जोरात पाणी फिरवायचं, पंपाजवळचा स्ट्रेनर उघडून जाळी धुवायची, पाणी सोडून द्यायचं, नवं भरायचं, पुन्हा फिरवायचं, जाळी स्वच्छ निघेपर्यंत. कागदावर ही एक ओळ आहे. भिंतीवरच्या चिठ्ठ्यांत ती उलगडते. पंप फिरवायला वीज हवी, आणि साइटच्या तात्पुरत्या जोडणीवर एवढी मोटर चालत नाही, म्हणजे कायमची जोडणी आधी, म्हणजे इलेक्ट्रिकल इन्स्पेक्टरची तपासणी त्याच्याही आधी. पाणी हवं, तेही हजारो लिटर, पुन्हा पुन्हा. एप्रिल-मेमध्ये टँकर कुठून आणणार? आणि सगळ्यांत विसरला जाणारा प्रश्न: हे काळं पाणी जाणार कुठे? तळघरातला ड्रेन प्लंबिंगच्या कंत्राटात आहे, त्याचा संप पंप अजून बसलेला नाही, कारण त्याच्या यादीत ते काम शेवटच्या महिन्यात आहे. त्याच्या दृष्टीने बरोबरच. त्याला कोणी विचारलंच नव्हतं. एसीवाल्याची चिठ्ठी आणि प्लंबरची चिठ्ठी भिंतीवर शेजारी आल्या की दोघांनाही पहिल्यांदा कळतं, की एकाचं शेवटचं काम हे दुसऱ्याचं पहिलं आहे. पाच-सहा महिने आधी हे कळलं तर तो नुसता तारखेतला बदल असतो. पाच दिवस आधी कळलं तर भांडण होतं, आणि बहुधा फ्लशिंगच आटोपतं घेतलं जातं.

बॅलर्ड आणि हॉवेल यांनी ‘लास्ट प्लॅनर’ म्हणून जी पद्धत बांधली तिच्या मुळाशी असंच एक साधं मोजमाप आहे: या आठवड्यात करू म्हणून सांगितलेल्या कामांपैकी किती खरोखर झाली. त्यांनी मोजायला सुरुवात केली तेव्हा हा आकडा जेमतेम निम्म्याच्या आसपास यायचा. आपल्याकडे तो मोजायला घेतला की पहिली अडचण संस्कृतीची येते. ‘होऊन जाईल साहेब’ हे आपल्या साइटवरचं सर्वमान्य उत्तर आहे आणि त्यात आदर, भीती, आशा सगळं मिसळलेलं असतं. सुपरवायझरला ठाऊक असतं की केबल आलेली नाही. तरी मीटिंगमध्ये तो ‘नाही’ म्हणत नाही, कारण ‘नाही’ म्हणणाऱ्याला सगळ्यांसमोर झाडलं जातं. टोयोटाची दोरी ओढणाऱ्या कामगाराकडे त्याचा वरिष्ठ मदतीला धावत येतो, जाब विचारायला नाही. एवढी एक गोष्ट आपल्याकडे आणता आली नाही, तर रंगीत चिठ्ठ्या, टापटिपीचे ‘पाच-एस’ फलक आणि सकाळच्या उभ्या मीटिंगा यांना माझ्या मते सजावटीपलीकडे किंमत नाही. दुर्दैवाने कित्येक साइटवर लीन म्हणजे तेवढंच उरलं आहे. काही ठिकाणी तर लीन म्हणजे माणसं कमी करणं, असा सोयीस्कर अर्थ लावून कमिशनिंगची टीमच कापली जाते.

आणि मग पैशाचा विषय, जो लीनच्या पुस्तकांत कमी आणि साइटवर जास्त बोलला जातो. आपल्याकडच्या एमईपी, म्हणजे एसी, वीज आणि प्लंबिंगच्या, कंत्राटांत पैसे बहुधा असे वाटलेले असतात: माल साइटवर आला की रकमेचा मोठा हिस्सा, बसवला की आणखी काही, आणि टेस्टिंग-कमिशनिंगनंतर उरलेला छोटासा तुकडा. याचे परिणाम ओळीने बघा. कंत्राटदाराला माल लवकरात लवकर साइटवर आणून टाकण्यात फायदा, म्हणून चिलर आणि एएचयू गरजेच्या कितीतरी आधी येतात. ठेवायला जागा नसते, ते उघड्यावर किंवा तळघरात पाण्याजवळ पडून राहतात. कोणी त्यांवर चढतं, फिन्स दबतात, तांबं चोरीला जातं, आणि वॉरंटीचे महिने माल पोचल्यापासून मोजायचे असं ठरलेलं असेल तर ते यंत्र एकदाही न फिरता संपत जातात. दुसऱ्या टोकाला, कमिशनिंगची वेळ येते तेव्हा कंत्राटदाराचा नफा हातात पडलेला असतो आणि त्याची चांगली माणसं नव्या साइटवर गेलेली असतात. उरलेल्या तुकड्यासाठी तो दोन नवशिकी पोरं ठेवतो. हा त्याचा लबाडपणा म्हणून सोडून देण्यात अर्थ नाही. आपणच लिहिलेल्या कंत्राटाने त्याला हे शिकवलं. माल वेळेवर आणि गरजेपुरताच आणायचा हे तत्त्व भिंतीवर कितीही टांगलं, तरी बिलाचं वेळापत्रक त्याच्या विरुद्ध बोलत असेल तर साइट बिलाचंच ऐकणार. पूर्ण झालेल्या, तपासलेल्या यंत्रणेला पैसे, नुसत्या आलेल्या मालाला कमी, असं वाटप करणारे मालक थोडे आहेत. असं करताना लहान कंत्राटदाराच्या खेळत्या भांडवलाची सोय बघावी लागते, नाहीतर तो मधेच बसतो, हेही खरं.

मालकाला यात काय मिळतं, याचं आकड्यांतलं एक उत्तर उपलब्ध आहे. अमेरिकेच्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या इव्हान मिल्स यांनी २००९मध्ये ६४३ इमारतींची माहिती एकत्र करून पाहिली. कमिशनिंगच्या दरम्यान त्यांत ऊर्जेशी संबंधित दहा हजारांहून अधिक दोष सापडले होते. जुन्या इमारतींत कमिशनिंगमुळे झालेली ऊर्जेची बचत मध्यकाने १६ टक्के होती आणि खर्च साधारण १.१ वर्षात वसूल होत होता; नव्या इमारतींत बचत १३ टक्के आणि वसुली ४.२ वर्षांत. आकडे अमेरिकेचे आहेत. आपली हवा वेगळी, विजेचे दर वेगळे, तेव्हा ते जसेच्या तसे इथल्या मालकासमोर ठेवू नयेत. पण जे दोष सापडतात ते बघण्यासारखे आहेत: हीटिंग आणि कूलिंग एकाच वेळी चालणं, रात्रभर सुरू राहणारे पंखे, चुकीच्या जागी बसवलेला सेन्सर. हे कुठल्याही देशात सापडतात.

कागदांबद्दल एक शब्द. टेस्ट रिपोर्टची फाइल हातात आली की मी आधी एअर बॅलन्सिंगची पानं उघडतो. डिझाइन ५०० सीएफएम (मिनिटाला घनफूट), मोजलेलं ५०० सीएफएम. पुढच्या ओळीत ३५० आणि ३५०. खालपर्यंत सगळं तंतोतंत. अशी हवा जगात कुठल्याच डक्टमधून वाहत नाही. खऱ्या मोजणीत कुठे ४७०, कुठे ५३० असणार, आणि दहा टक्के इकडेतिकडे चालतं. तंतोतंत जुळणारी फाइल टेबलाशी बसून भरलेली असते, आणि तिच्यावर तीन कंपन्यांच्या सह्या असतात. लीनच्या भाषेत हीही नासाडीच. माझ्या लेखी मात्र ही इतर नासाड्यांपेक्षा वाईट, कारण बाकीच्यांनी पैसा जातो, हिच्यामुळे इमारतीबद्दलचं खरं ज्ञानच नाहीसं होतं.

लीन आलं की सगळं सुटतं, असा समज कोणाचा झाला असेल तर त्याने लंडनच्या हीथ्रो विमानतळाचं टर्मिनल पाच जरूर अभ्यासावं. सुमारे ४.३ अब्ज पौंडांचं हे काम लीन बांधकामाचा आदर्श म्हणून दाखवलं जातं. माल आधी बाहेरच्या लॉजिस्टिक केंद्रात यायचा आणि तिथून गरजेनुसार साइटवर. त्या अजस्र छताचा एक भाग यॉर्कशायरमध्ये आधी उभारून पाहिला होता, म्हणजे चुका तिथे व्हाव्यात, हीथ्रोवर नकोत. बांधकाम ठरल्या वेळेत आणि ठरल्या खर्चात झाल्याचं सांगितलं जातं. आणि २७ मार्च २००८ रोजी टर्मिनल उघडल्यावर बॅगांची यंत्रणा कोलमडली, हजारो बॅगा अडकल्या, शेकडो उड्डाणं रद्द झाली. कर्मचाऱ्यांना गाड्या कुठे लावायच्या हे सापडत नव्हतं, आत यायला सुरक्षा तपासणीच्या रांगा होत्या. चाचणीच्या काळात खोटे संदेश खऱ्या यंत्रणेत जाऊ नयेत म्हणून सॉफ्टवेअरमध्ये लावलेली एक गाळणी काढायची राहून गेली होती, त्यामुळे दुसऱ्या विमानांतून आलेल्या बॅगांची खरी माहितीही पोचत नव्हती. पुढे संसदेच्या समितीसमोर ते टर्मिनल वापरणाऱ्या विमान कंपनीच्या प्रमुखांनी मान्य केलं, की इमारतीचे काही भाग वेळेवर तयार नव्हते आणि त्यामुळे सराव-चाचण्यांत तडजोड करावी लागली. छताची जितकी तालीम झाली तितकी माणसांची झाली नाही. बांधकाम लीन होतं. कमिशनिंग जुन्याच पद्धतीने उरलेल्या वेळात बसवलं गेलं. हे पुस्तक ज्या फटीत उभं आहे ती फट नेमकी हीच.

लीनची तत्त्वं कमिशनिंगला कुठे अपुरी पडतात, तेही बोललं पाहिजे. काम लहान तुकड्यांत करा आणि प्रत्येक तुकडा लगेच तपासा, हे पंख्याला, पाइपला, केबलला छान लागू पडतं. पण पाचव्या मजल्यावर धूर सोडल्यावर भोंगा वाजतो का, त्या मजल्याचा एएचयू थांबतो का, फायर डॅम्पर मिटतो का, लिफ्ट खाली येऊन उघडी राहते का, जिन्यातला दाबाचा पंखा सुरू होतो का, कुलूपबंद दारं सुटतात का, ही चाचणी तुकड्यांत होत नाही. पाच-सहा कंत्राटदारांची कामं एकाच मिनिटात परीक्षेला बसतात. ऐन त्या वेळी कॉरिडॉरमध्ये सुतार पटाशी चालवत असेल तर धुळीनेच डिटेक्टर वाजतात. तिथे मोकळा वेळ हातचा राखून ठेवावाच लागतो, आणि ‘लीनमध्ये रिकामा वेळ म्हणजे नासाडी’ असं म्हणत तो कापायला येणाऱ्याला ठामपणे नाही म्हणावं लागतं.

ऋतूंचंही तसंच. मुंबईतली इमारत जानेवारीत ताब्यात दिली तर हवेतला दमटपणा काढायची तिची ताकद कशी तपासणार? पुण्यात डिसेंबरमध्ये चिलरला पूर्ण भार मिळत नाही. इमारतीत माणसं नाहीत, संगणक नाहीत, बाहेर थंडी. डेटा सेंटरमध्ये कृत्रिम भार देणाऱ्या लोड बँका भाड्याने आणून ही चाचणी करतात, ऑफिसला ते परवडत नाही. म्हणून उरलेली चाचणी जून-जुलैत किंवा मे महिन्यात करायची असं आधीच कंत्राटात लिहून ठेवायचं आणि तेवढे पैसे राखून ठेवायचे. ताबा दिल्यानंतरची चाचणी ही कल्पना आपल्या बांधकाम व्यवसायाला अजून पचलेली नाही. खरं तर आपला कायदा याहून पुढे आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे मालकाला किंवा भोगवटादाराला दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून आगीच्या यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, द्यावं लागतं. पहिल्या दिवशी आगीच्या पंपाने किती दाब दिला होता, हे खऱ्या मोजणीने लिहून ठेवलेलं असेल तरच पाच वर्षांनी तो थकला आहे का ते सांगता येतं.

साइटवरच्या तरुण अभियंत्याने हे पुस्तक पहिल्यापासून वाचू नये, फ्लशिंग आणि बॅलन्सिंगची प्रकरणं आधी वाचावीत आणि आपल्या साइटवर जाऊन पडताळावीत. मालकांनी आणि त्यांच्या सल्लागारांनी कंत्राटाचं प्रकरण वाचलं तरी पुरे. त्यांना बाकीचं कोणीतरी सांगेलच. आणि ज्या माणसासाठी हे सगळं करायचं, तो प्लँट ऑपरेटर, त्याच्या हातात हे पुस्तक बहुधा पडणार नाही. त्याला एजन्सीमार्फत शेवटच्या आठवड्यात नेमतात, चाव्यांचा जुडगा आणि पेन ड्राइव्हमधली ड्रॉइंग देतात, आणि दुसऱ्या दिवसापासून इमारत त्याची. फ्लशिंग चालू असताना, पंख्याची दिशा बघितली जात असताना, एकत्रित चाचणीत काय फसलं ते शोधलं जात असताना तो तिथे उभा असेल, तर कोणती झडप कुठल्या सीलिंगमागे आहे हे त्याला ड्रॉइंग न उघडता कळतं. त्यासाठी त्याची नेमणूक तीन-चार महिने आधी व्हायला हवी. तेवढ्या महिन्यांचा पगार बांधकामाच्या खर्चात धरायचा की देखभालीच्या, यावर मालकाच्या दोन विभागांत जो पत्रव्यवहार होतो त्याचा एक नमुना शेवटच्या प्रकरणात दिला आहे. तो हसण्यासाठी नाही, पण हसू येईल.